ट्रायम्फ टीआर 6: मागच्या सस्पेन्शनचे आणि डिफरन्शियलचे आधार मजबूत करताना

ट्रायम्फ टीआर 6 ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडताना मागून एकच जड ‘ठण्’ आवाज आला, आणि वेगात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच तोच आवाज पुन्हा आला, तर बहुतेक मालक आधी युनिव्हर्सल जॉइंटला (फिरत्या शाफ्टमधील वाकणाऱ्या सांध्याला) दोष देतात. पुष्कळदा तो दोष खराही असतो. परंतु नवे जॉइंट बसवूनही आवाज तसाच राहिला, तर डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारी गिअरची पेटी) ज्या चार पिनांवर चेसिसला, म्हणजे गाडीच्या पोलादी सांगाड्याला, लटकलेले असते त्यांपैकी एकीच्या मुळाशी पत्रा फाटला आहे, अशी शंका घेऊनच गाडीखाली जावे. त्या फाटलेल्या पत्र्याची आणि त्याच्या आसपासच्या सस्पेन्शनच्या आधारांची दुरुस्ती व मजबुतीकरण कसे करावे, याची ही माहिती आहे. पद्धत टीआर 6 धरून सांगितली असली, तरी टीआर 4ए ची स्वतंत्र सस्पेन्शनची आवृत्ती, टीआर 250 आणि टीआर 5 यांची मागची रचना मुळात एकच असल्याने त्यांनाही ती लागू पडते.

दोष का निर्माण होतो, हे आधी पाहिलेले बरे. ट्रायम्फने 1965 साली टीआर 4ए साठी स्वतंत्र (प्रत्येक चाक वेगळे वरखाली होणारे) मागचे सस्पेन्शन आणले आणि त्यासाठी चेसिसचा मागचा भाग नव्याने आखला. त्या वेळी त्या चौकटीवर 2138 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन होते. पुढे त्याच आखणीवर 2498 सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन आले आणि पेट्रोल इंजेक्शन असलेल्या सुरुवातीच्या टीआर 6 साठी कंपनीने 150 अश्वशक्तीचा आकडा दिला. इंजिनाची ताकद वाढली, पण डिफरन्शियलच्या पिना ज्या पत्र्यात रोवल्या होत्या तो पत्रा त्या प्रमाणात वाढला नाही. त्यात या गाड्या आता पन्नाशी ओलांडलेल्या आहेत, म्हणजे पत्रा मूळचा तेवढाही जाड राहिलेला नसतो.

मागची रचना थोडक्यात अशी आहे. प्रत्येक चाकासाठी ॲल्युमिनियमचा एक तिरका ट्रेलिंग आर्म (चाक धरणारा, मागे जाणारा हात) असतो आणि तो दोन ब्रॅकेटांनी चेसिसच्या आडव्या पेटीला जोडलेला असतो. कॉइल स्प्रिंग आर्मवर उभी राहते आणि तिचे वरचे टोक चेसिसवरच्या पुलाखाली, म्हणजे आडव्या आधाराखाली, बसते. मूळ गाडीतील लिव्हर पद्धतीचा शॉक ॲब्सॉर्बरही त्याच भागाला बोल्टने आवळलेला असतो. या सगळ्याच्या मधोमध डिफरन्शियल असते. चेसिसवरच्या दोन आडव्या पुलांमधून, पुढे दोन आणि मागे दोन अशा चार पिना खाली येतात, प्रत्येक पिनेवर डिफरन्शियलच्या कानाच्या वर एक आणि खाली एक असे रबर बसते आणि शेवटी वॉशर व नट येतो.

इंजिन समोरून पाहिले असता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते, म्हणजे मागून पाहिले असता उलट दिशेने. प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याचा) हा पीळ डिफरन्शियलच्या आवरणाची उजवी बाजू वर उचलू पाहतो. त्याच वेळी चाकांना पुढे ढकलण्याची प्रतिक्रिया म्हणून आवरणाचे नाकही वर उठते. या दोन्ही गोष्टींची बेरीज पुढच्या उजव्या पिनेपाशी होते, आणि या गाड्यांमध्ये सर्वांत आधी नेमकी तीच पिन सुटते. जोर किती असतो याचा अंदाज घेण्यासाठी साधा हिशेब करता येतो. इंजिनाचा टॉर्क 200 न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे प्रमाण साधारण 3 आणि डिफरन्शियलचे 3.45 धरले, तर आवरणाला उलटवणारा पीळ सुमारे 2,070 न्यूटन-मीटर होतो. पुढच्या आणि मागच्या पिनांमध्ये समजा 30 सेंटिमीटर अंतर आहे, तर पुढच्या जोडीवर जवळजवळ 700 किलो वजनाइतका जोर येतो, आणि क्लच झटक्याने सोडला तर त्याहून अधिक. पाय काढला की हाच जोर उलट होऊन पिनेला खाली ओढतो आणि रिव्हर्समध्ये चढ चढताना तर चांगलाच ओढतो. पत्रा एका मोठ्या धक्क्याने क्वचित फाटतो. अशा हजारो वेळा उलटसुलट झालेल्या ताणाने तो थकतो आणि मग तडकतो.

यावरून मजबुतीकरणाचे सूत्र निघते आणि पुढची सगळी कामे त्यालाच धरून आहेत: पिनेपाशी गोळा होणारा जोर जास्तीत जास्त क्षेत्रावर पसरवायचा, आणि तोही हळूहळू. फाटलेल्या जागी 6 मिलिमीटरचा जाड तुकडा चिकटवणारे कारागीर मी पाहिले आहेत. तो तुकडा कधीच तुटत नाही. तुटतो तो त्याच्या कडेचा मूळ पत्रा, कारण ताठ तुकडा आणि लवचीक पत्रा यांच्या सीमेवर सगळा ताण येऊन साचतो. माझ्या मते जोडपत्रा (मजबुतीसाठी वर वेल्ड करायचा पत्रा) मूळ पत्र्याच्या दीडपटीहून जाड असू नये. मूळ पत्रा 2 मिलिमीटर असेल तर 3 मिलिमीटरचे साधे सौम्य पोलाद पुरते. ताकद जाडीपेक्षा आकारातून मिळवावी.

तपासणी

गाडी उचलण्याआधी आवाजाची इतर कारणे बाजूला काढावीत. युनिव्हर्सल जॉइंटचा खेळ, डिफरन्शियलच्या दातांमधील मोकळीक, तारांची चाके असतील तर हबच्या दात्यांची झीज, आणि हाफ शाफ्टचे (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्याचे) सरकते दाते, हे सगळे तसाच आवाज करू शकतात. सरकत्या दात्यांकडे जरा अधिक लक्ष द्यावे. वंगण वाळले की ते जोराखाली अडकतात आणि जोर कमी होताच एकदम सुटतात. वळणावर गाडीच्या मागच्या भागाला जो चमत्कारिक हिसका जाणवतो तो यातूनच येतो, आणि तो प्रत्येक हिसका डिफरन्शियलच्या पिनांपर्यंत पोहोचतो. हे दाते तसेच ठेवून फक्त पत्रा मजबूत करणे म्हणजे गळक्या छपराखालची भिंत रंगवणे होय.

आता पुढची चाके अडवून, मागचा भाग जॅकने उचलून चेसिसच्या मुख्य पट्ट्या भक्कम स्टँडवर टेकवाव्यात. ट्रॉली जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून तो डिफरन्शियलच्या नाकाखाली न्यावा आणि अगदी हलके, गाडी स्टँडवरून उचलली जाणार नाही इतपतच, वर दाब द्यावा. रबर दबणे स्वाभाविक आहे. पण पिनेचे मूळ पुलाच्या पत्र्यापासून वेगळे हलताना दिसले, किंवा पत्र्यावरची धूळ एका रेषेत झडली, तर तडा सापडला असे समजावे. दुसऱ्या व्यक्तीला इंजिन चालू करून क्लच सोडायला लावून स्वतः गाडीखाली पाहत बसण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती करू नये.

दिसेल तेवढ्या तड्यावर थांबणेही चुकीचे ठरते. डांबरी लेप आणि रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करावा आणि डाय पेनिट्रंटने तपासावा: पत्रा द्रावकाने स्वच्छ करायचा, लाल रंग फवारून दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यायचा, कपड्याने पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. तड्यात शिरलेला रंग पांढऱ्यावर लाल रेघ होऊन उमटतो. चारही पिनांची मुळे, ट्रेलिंग आर्मच्या ब्रॅकेटांभोवतीची भोके, स्प्रिंगच्या पुलाचे कोपरे आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या बोल्टांच्या जागा, हे सगळे याच पद्धतीने पाहावे. मूळ शॉक ॲब्सॉर्बर काढून टेलिस्कोपिक पद्धतीचे बसवले असतील, तर त्यांच्या ब्रॅकेटमुळे जोर आधीपेक्षा वेगळ्या दिशेने लागतो. तेथील पत्रा दोनदा तपासावा.

तड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न गंजाचा असतो. आर्मच्या आडव्या पेटीच्या आसपास, जिथे तिरक्या पट्ट्या एकत्र येतात, तिथे चिखल साचतो आणि पेटी आतून कुजते. टोकदार हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला किंवा टोक रुतले तर तो पत्रा कापूनच काढावा लागतो. मूळचा 2 मिलिमीटरचा पत्रा दीड मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर त्यावर जोडपत्रा बसवण्यात अर्थ नसतो. वेल्डिंगला धरायला तिथे काही उरलेलेच नसते. जुन्या दुरुस्तीत कोणी पितळेने ब्रेझिंग केले असेल तर तो भागही पूर्ण कापावा लागतो, कारण पितळ मिसळलेल्या पोलादावर वेल्ड नीट धरत नाही आणि थंड होताना तडकते.

वेल्डिंगआधी

टीआर 6 ची पेट्रोल टाकी आसनांच्या मागे, म्हणजे जिथे ठिणग्या उडणार आहेत त्याच्या जवळजवळ वर असते. ती काढल्याखेरीज या कामाला हात लावू नये. टाकी रिकामी आहे हे कारण पुरेसे नाही, उलट रिकाम्या टाकीतील पेट्रोलची वाफ अधिक स्फोटक असते. टाकी काढून दुसऱ्या जागी ठेवावी, इंधनाच्या नळ्या मोकळ्या करून त्यांची तोंडे बंद करावीत, आणि इंजेक्शनच्या गाडीत डिकीतला पंप व त्याच्या नळ्याही काढाव्यात. गालिचे, आसने आणि मागची अस्तरे बाहेर काढावीत, ब्रेकच्या नळ्या बाजूला कराव्यात, बॅटरी सोडवावी आणि आल्टरनेटरच्या तारा काढाव्यात. अग्निशामक हाताशी असावा, आणि वेल्डिंग संपल्यावर निदान तासभर कोणीतरी तिथे थांबावे, कारण डांबरी लेप आत धुमसत राहतो आणि पेट नंतर घेतो.

स्प्रिंग काढताना आर्म जॅकवर धरून, शॉक ॲब्सॉर्बरचा दुवा आणि हाफ शाफ्ट सोडवून, जॅक सावकाश खाली घ्यावा. स्प्रिंगमध्ये साठलेला जोर एकदम सुटला तर हाड मोडते. आर्म ब्रेकच्या रबरी नळीवर लटकू देऊ नये. ट्रेलिंग आर्मचे ब्रॅकेट सोडवण्याआधी मात्र एक काम अगत्याने करावे: प्रत्येक ब्रॅकेटवर किती खाचा आहेत, खाच वर आहे की खाली, आणि ब्रॅकेटच्या मागे किती शिम (अंतर भरणाऱ्या पातळ चकत्या) आहेत, हे लिहून ठेवावे व छायाचित्र घ्यावे. चाकाचा कॅम्बर (उभे चाक आत-बाहेर कलण्याचा कोन) या खाचांच्या जोड्यांवर आणि टो (चाकाचे तोंड आत-बाहेर वळण्याचा कोन) शिमांवर ठरतो. चार ब्रॅकेट एका डब्यात टाकून ठेवले तर पुढचे दोन दिवस त्यांची कोडी सोडवण्यात जातात. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

चेसिस सरळ आहे की नाही हे वेल्डिंगच्या आधीच मोजावे, नंतर मोजून उपयोग नसतो. स्टँड अशा जागी हवेत की चेसिस आपल्या नेहमीच्या अवस्थेत, न वाकता टेकलेली राहील. पुढच्या व मागच्या ठरावीक भोकांपासून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा कराव्यात, त्या खुणांमधील दोन्ही कर्ण मोजावेत आणि आकडे लिहून ठेवावेत. कर्णांमध्ये 3 मिलिमीटरहून जास्त फरक आला तर आधी चेसिस जिगवर (मापे पक्की धरणाऱ्या चौकटीवर) नेऊन सरळ करावी. वाकड्या चेसिसला मजबुती दिली की तो वाकडेपणाच कायमचा होतो.

शेवटचा निर्णय बॉडी उतरवायची की नाही, हा असतो. बॉडी चढलेली असताना पुढच्या पुलाची वरची बाजू नीट दिसत नाही आणि वेल्डिंगची टॉर्च तिथपर्यंत पोहोचत नाही. गाडीचे इतर काम निघणारच असेल तर बॉडी उतरवून काम करावे, हे माझे स्पष्ट मत आहे. तसे नसेल तर खालून जेवढे पोहोचते तेवढ्यात चांगले काम होऊ शकते, पण उताणे पडून डोक्यावर वेल्डिंग करण्याचा सराव नसलेल्या माणसाने ते स्वतः करू नये. तयारी स्वतः करून वेल्ड सराईताच्या हाती देण्यात कमीपणा नाही.

डिफरन्शियलच्या पिना

तडा असेल तर आधी त्याची टोके शोधून प्रत्येक टोकाशी 3 मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे तो पुढे धावत नाही. मग तड्याच्या रेषेवर ग्राइंडरने व्ही आकाराची खाच काढून ती पूर्ण खोलीपर्यंत वेल्डने भरावी आणि वरचा उंचवटा घासून पत्र्याच्या पातळीत आणावा. जोडपत्रा यानंतर येतो. जिवंत तडा जोडपत्र्याखाली झाकून ठेवला तर तो तिथेही वाढतच राहतो, फक्त दिसत नाही.

पिन वाकली असेल, आटे गेले असतील किंवा मुळाशी हलत असेल तर ती बदलावी. बाजारातील जास्त ताकदीचा बोल्ट उलटा घालून त्याचे डोके वेल्ड करण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण 12.9 दर्जाच्या बोल्टवर वेल्डिंग केले की त्याचे पाणी (उष्णतेने दिलेला कणखरपणा) उतरते आणि डोक्यालगत तो ठिसूळ होतो. या कामासाठी बनवलेली, मुळाशी रुंद बैठक असलेली पिन घ्यावी.

नवी पिन अचूक जागी बसवण्यासाठी साचा लागतो. आतील गिअर व बेअरिंग काढलेले निकामी डिफरन्शियलचे आवरण मिळाले तर त्याहून चांगला साचा नाही. ते तीन शाबूत पिनांवर आवळून चौथी पिन त्याच्या कानात धरायची आणि टॅक (वेल्डचे छोटे तात्पुरते ठिपके) मारायचे. ते नसेल तर जाड पट्टीत चार भोके पाडून साचा करावा. चालू स्थितीतील डिफरन्शियल या कामाला वापरू नये, कारण वेल्डिंगचा प्रवाह बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर आणि वाटांवर डाग पडतात. अर्थचा चिमटा नेहमी वेल्डच्या शक्य तितक्या जवळ, उघड्या पत्र्यावर लावावा.

आता मुख्य काम. पिनेभोवतीचा आधार हा एका बाजूने उघडा, पन्हळीसारखा आकार आहे, आणि उघडी पन्हळ पिळाला फारच कमी विरोध करते. तिची उघडी बाजू बंद करून पेटी केली की तोच पत्रा कितीतरी पट ताठ होतो. म्हणून आधी जाड कागदाचा नमुना कापून तो पिनेभोवती, दोन्ही उभ्या बाजूंना आणि पुलाच्या तळाला टेकेल असा जुळवावा, मग तो 3 मिलिमीटरच्या पत्र्यावर उतरवून कापावा व वाकवावा. जोडपत्रा पिनेपाशीच संपू नये, पुलाच्या लांबीत दोन्हीकडे निमुळता होत जावा. कोपरे 15 ते 20 मिलिमीटर त्रिज्येने गोल करावेत, आणि टोकाला माशाच्या तोंडासारखी आत वळलेली खाच ठेवावी. सरळ कापलेले टोक पुलाला आडवे वेल्ड केले की ताणाला आडवी अशी एक रेषा तयार होते आणि पुढचा तडा बरोबर तिच्यावर येतो.

एक बारकावा पुष्कळदा सुटतो. वरचे रबर ज्या सपाट पृष्ठभागावर टेकते तिथे जोडपत्रा लावू नये. तिथे 3 मिलिमीटर वाढले की डिफरन्शियल त्या कोपऱ्यात 3 मिलिमीटर खाली येते, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि पिनेचे आटेही तेवढे अपुरे पडतात. बैठक फाटली असेल आणि दुसरा इलाजच नसेल, तर फाटलेला भाग कापून त्याच पातळीत नवा तुकडा बसवावा.

वेल्डिंगसाठी 0.8 मिलिमीटर तारेचे मिग मशीन आणि आर्गन व कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण योग्य. त्याच जाडीच्या दोन भंगार तुकड्यांवर आधी वेल्ड करून तो तुकडा शिकंज्यात धरून हातोडीने वाकवून पाहावा. वेल्ड सुटला तर वेल्ड पत्र्यात उतरलेला नाही, नुसता वर बसला आहे. गाडीवर आधी चार-सहा टॅक मारून माप तपासावे आणि मग 20 ते 25 मिलिमीटरचे छोटे टप्पे, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, असे घ्यावेत. दोन टप्प्यांच्या मध्ये पत्रा आपोआप निवू द्यावा, पाणी मारून थंड करू नये. जिथे जोडपत्र्याचा मधला भाग मूळ पत्र्यावर टेकतो तिथे 8 मिलिमीटरची भोके आधीच पाडून ती वेल्डने भरावीत. दोन पत्र्यांच्या मधल्या पृष्ठभागावर वेल्डिंग सहन करणारा प्राइमर लावलेला असावा, मात्र भोकांपाशी तो खरवडून टाकावा. जस्ताचा मुलामा असलेला कोणताही भाग आधी घासून घ्यावा आणि काम हवेशीर जागी करावे, कारण त्याचा धूर अंगात ताप भरवतो.

पुढची उजवी पिन फाटली असली तरी चारही पिनांना जोडपत्रे द्यावीत का, असे विचारले जाते. पुढच्या दोन्हींना द्यावीतच. मागच्या दोन्हींना तडा नसेल आणि गाडी साध्या वापरात असेल तर त्या सोडून द्यायला हरकत नाही.

ट्रेलिंग आर्मचे ब्रॅकेट

इथला दोष वेगळ्या जातीचा आहे. जिथे बोल्ट पोकळ पेटीतून आरपार जातो तिथे नट जोरात आवळला की पेटीच्या दोन भिंती एकमेकींकडे दबतात. भिंत दबली की बोल्टचा ताण निघून जातो, ब्रॅकेट किंचित हलू लागतो आणि गोल भोक हळूहळू लांबट होते. चालकाला ते मागचा भाग स्वतःच्या मर्जीने वळल्यासारखे जाणवते. यावर उपाय म्हणजे आत नळी बसवणे. दोन्ही भिंतींमधील भोक नळीच्या बाहेरच्या व्यासाइतके मोठे करावे, बोल्ट जेमतेम सरकेल अशा आतल्या व्यासाची, 3 मिलिमीटर जाडीची पोलादी नळी आरपार घालावी, ती काटकोनात आहे हे गुण्याने पाहावे, दोन्ही तोंडांशी गोल वेल्ड करावा आणि कानशीने घासून भिंतीच्या पातळीत आणावे. मग बोल्टचा सगळा दाब नळी घेते. आपल्या चेसिसमध्ये आधीच्या दुरुस्तीत अशी नळी घातलेली नाही ना, हे भोक मोठे करण्याआधी पाहून घ्यावे.

भोकांभोवतीची भिंत लांबट झाली असेल तर तिच्यावर जोडपत्रा लागतो, आणि इथे ब्रॅकेट त्याच्याच पृष्ठभागावर बसणार असल्याने आर्म तेवढाच मागे सरकतो. त्यासाठी जोडपत्रा दोन्ही ब्रॅकेटांखाली एकाच जाडीचा असावा आणि दोन्ही चाकांना सारखाच असावा. उरलेला फरक शिमांनी भरून काढता येतो. स्प्रिंगच्या पुलाच्या कोपऱ्यांत तडा असेल तर तिथे छोटे त्रिकोणी गसेट (कोपऱ्याला आधार देणारे तुकडे) पुरतात. त्यांची टोकेही गोल करावीत.

आर्म काढलाच आहे तर हबचे स्टड ज्या आट्यांत बसतात ते पाहून घ्यावेत. ॲल्युमिनियममधील आटे जुन्या गाड्यांत हमखास ओढले गेलेले असतात. तिथे तारेचा किंवा घन पोलादाचा थ्रेड इन्सर्ट बसवावा.

पुन्हा जुळवणी

वेल्डिंगमुळे पेटीच्या आतला रंग जळतो आणि नवा गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून बाहेरून प्राइमर व रंग दिल्यावर लांब नळीने आत पोकळीत घालायचे मेण भरपूर सोडावे आणि पाणी निघायची मूळ भोके उघडी ठेवावीत. बाहेरून मात्र जाड डांबरी लेप देऊ नये. फिकट राखाडी रंगाचे दोन पातळ हात द्यावेत, म्हणजे पुढे तडा गेलाच तर गंजाची तांबूस रेघ टॉर्चच्या उजेडात लगेच दिसते.

बुश (सांध्यांत बसणारे रबराचे किंवा प्लॅस्टिकचे लवचीक भाग) कोणते घ्यावेत, यावर मालकांची मते टोकाची असतात. पॉलियुरेथेनचे कडक बुश डिफरन्शियलला स्थिर धरतात हे खरे, पण रबर जो धक्का गिळत होते तो मग थेट पत्र्याकडे जातो. मजबुतीकरण न केलेल्या चेसिसवर ते बसवणे म्हणजे तडा लवकर बोलावणे होय. मजबूत केलेल्या चेसिसवरही रस्त्यावरच्या गाडीसाठी मी डिफरन्शियलला चांगल्या प्रतीचे रबरच पसंत करतो आणि पॉलियुरेथेन ट्रेलिंग आर्मपुरते ठेवतो. सर्व लॉकनट नवे घ्यावेत, जुने नायलॉनचे नट पुन्हा वापरू नयेत. ट्रेलिंग आर्मला रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट आधी सैल ठेवावेत आणि गाडी चाकांवर, नेहमीच्या उंचीवर उभी राहिल्यावरच आवळावेत. आर्म लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि फाटते. आवळण्याचे आकडे कारखान्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेतून घ्यावेत आणि प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ ओढावी, म्हणजे तो फिरला की कळते.

यानंतर ओळंब्याच्या खुणांवरून कर्ण पुन्हा मोजावेत आणि चारही चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. लिहून ठेवलेल्या खाचा व शिम ही फक्त सुरुवात असते, नळ्या आणि जोडपत्रे बसल्यावर टो थोडा बदललेला असतोच. पहिल्या 100 किलोमीटरनंतर आणि पुन्हा 500 किलोमीटरनंतर नटांच्या रेघा पाहाव्यात व पिनांभोवतीचा रंग तपासावा. त्यानंतर दर वर्षी एकदा, तेल बदलताना, तेवढेच पुरे.

इतर जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांचे दुखणे याच कुळातले असले तरी जागा बदलते. जॅग्वार ई-टाइपमध्ये रेडियस आर्मचे पुढचे टोक तळाच्या पत्र्यातील वाटीत धरलेले असते, आणि ती वाटी गंजली की सस्पेन्शन केवळ सवयीने उभे असते. तिथे आधी गंजाचे काम, मग मजबुती. बीएमडब्ल्यू झेड3 मध्ये डिफरन्शियल मागे एकाच कानावर धरलेले आहे आणि त्यामुळे डिकीच्या तळाचे स्पॉट वेल्ड उसवतात. तिथे पत्रा चेसिसचा नसून बॉडीचा, म्हणजे आणखी पातळ असतो, त्यामुळे जोडपत्रा मोठा आणि मूळ पत्र्याच्या जाडीला धरून घ्यावा लागतो, आणि टप्पे 15 मिलिमीटरपेक्षा लांब नेले तर तळाला झोळ पडतो.